सातबारा गेल्यावर आम्ही कोण? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ‘शेती गेलेली गावे’ या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. ठाणे, नवी मुंबई, पनवेल आणि उरण या भागांतून पत्रे आली. त्यांतील बरीच पत्रे भूखंडाची पात्रता आणि वारसनोंद यांसंबंधी आहेत. त्यांची उत्तरे जाणकार वकिलाने कागद पाहूनच द्यावीत, हे बरे. येथे घेतलेल्या पाच पत्रांच्या मुळाशी मात्र एकच प्रश्न आहे : ज्या गावांच्या शिवारावर शहर उभे राहिले, त्या गावांतल्या माणसांनी स्वतःला काय म्हणावे? पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत. उत्तरे देणारा मी स्वतः ठाणे-बेलापूर पट्टीतल्या एका गावात वाढलो आणि पुढे शिक्षकी केली, त्यामुळे या विषयाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : मी २६ वर्षांचा असून ऐरोलीतील एका संगणक कंपनीत नोकरी करतो. आमचे गाव घणसोली. आजोबांची भातशेती संपादनात गेली तेव्हा वडील शाळेत होते. बहिणीच्या लग्नाच्या बोलणीत पाहुण्यांनी विचारले तेव्हा वडिलांनी ‘आम्ही मूळचे शेतकरी’ असे सांगितले. ही गोष्ट मी कार्यालयात बोललो, तर एक सहकारी म्हणाला, ‘जमीन नाही तर शेतकरी कसले?’ मला उत्तर सुचले नाही. आम्ही शेतकरी आहोत की होतो?

आपल्या सहकाऱ्याने शेतकरीपण मालकीशी जोडले आहे. बहुतेक लोक तसेच जोडतात आणि सरकारी कागदही तसेच जोडतो. म्हणून आधी कागदाकडे पाहू. ज्याला आपण सातबारा म्हणतो तो दोन गाव नमुन्यांचा जोड आहे. नमुना सातमध्ये जमीन कोणाची हे लिहिलेले असते आणि नमुना बारामध्ये त्या जमिनीत त्या वर्षी काय पिकले हे लिहिलेले असते. म्हणजे मालकी आणि कसणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महसूल खात्यालाही ठाऊक आहे. आपण बोलताना मात्र ‘सात’ लक्षात ठेवतो आणि ‘बारा’ विसरतो.

आता आपल्या घरांत ही मालकी किती काळ होती ते पाहा. आपल्या पट्टीत आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यात कसणारी बहुसंख्य घरे कुळांची होती. जमीन खोताची, सावकाराची किंवा इनामदाराची असे. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवसापासून कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. त्यानंतर जमिनीची किंमत ठरवून ती हप्त्यांनी फेडायची होती. पुढे १७ मार्च १९७० रोजी सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई हे नवे शहर वसवण्याचा बेत पक्का झाला. १९५७ ते १९७० ही अवघी तेरा वर्षे होतात. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर नांगर धरला गेला, त्यांतल्या अनेक घरांत मालकी तेरा वर्षेच निर्धास्तपणे नांदली. मग त्याआधीची आपली माणसे कोण होती? १९३३ पासून सहा वर्षे अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला आणि जमिनी पडीक ठेवल्या. त्या संपाला चरीचा शेतकरी संप असे नाव आहे, आणि तो करणाऱ्यांतील बहुतेकांच्या नावावर जमीन नव्हती. स्वतःला शेतकरी म्हणवून घेण्यासाठी त्यांना कोणाच्या दाखल्याची गरज वाटली नाही.

त्यांना शेतकरी करणारी गोष्ट वेगळी होती आणि आपल्या खाडीकाठच्या पट्टीत ती फार ठळक होती. देशावरचा शेतकरी पावसाची वाट पाहतो, तर आपल्याला पावसाबरोबर समुद्रालाही सांभाळावे लागे. खाजणातली शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीला, काही तर त्याहूनही खाली होती. त्यांच्याभोवती मातीचा बांध घालायचा, बांधात उघाडी ठेवायची, ओहोटीला तिची फळी उचलून पावसाचे साचलेले पाणी खाडीत सोडायचे आणि भरती लागण्यापूर्वी ती पुन्हा घालायची, असे हे काम होते. हा बांध एका शेतकऱ्याचा असूच शकत नाही. माझ्या वाट्याचा तुकडा मी कितीही राखला, तरी शेजाऱ्याच्या वाट्याला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की खारे पाणी माझ्याच भातात येणार.

मला एक रात्र आठवते. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. श्रावणातल्या पौर्णिमेचे उधाण होते आणि दुपारपासून वारा सुटला होता. रात्री कोणीतरी ‘खांड गेली’ असे ओरडत गावातून पळत गेले आणि घराघरातून माणसे निघाली. मी आईच्या मागे कंदील घेऊन बांधावर उभा होतो. पाण्याचा जोर मोडावा म्हणून खांडीच्या तोंडाशी माणसे खांद्याला खांदा लावून छातीभर पाण्यात उभी होती. त्यांच्या मागे पेंढा आणि झाडांच्या फांद्या टाकल्या जात होत्या, आणि खाडीकडचा चिकट चिखल गोळ्यागोळ्यांनी हातोहात पुढे येत होता. माझ्या वडिलांच्या शेजारी जो माणूस उभा होता, त्याच्याशी आमचा शिवेवरून दोन वर्षे अबोला होता. त्या रात्री दोघांचे हात एकमेकांच्या खांद्यांवर होते. अबोला त्यानंतरही सुटला नाही. पण बांधावर त्याचा काही संबंध नव्हता, कारण खारे पाणी एकदा आत शिरले की पुढची दोन-तीन वर्षे पूर्ण पीक येत नाही, हे दोघांनाही माहीत होते. ज्या घरातून माणूस आला नाही, त्याला दुसऱ्या दिवशी गावकी जाब विचारी.

माझ्या मते आपले शेतकरीपण तेथे, त्या बांधावर होते. बांध राखणारा तो गावचा, आणि गावचा तो शेतकरी. आपली गावकी, जत्रा आणि लग्नात धवले गाणारी धवलारीण हे सारे त्याच एकत्र कामाच्या आधाराने उभे होते. मुरुमाच्या भरावाखाली बांध गेले, तेव्हा जमिनीचा मोबदला ठरला. पण एकत्र येण्याचे जे कारण होते ते गेले आणि त्याचा हिशेब कोणत्याही निवाड्यात मांडला गेला नाही. पुढे कार्यालयांनी आपल्याला एक नवे नाव दिले : प्रकल्पग्रस्त. हक्क मागण्यासाठी हा शब्द उपयोगी आहे आणि तो सोडू नये. पण हे नाव आपल्यावर काय ओढवले एवढेच सांगते. आपण काय करत होतो आणि आपल्याला काय येत होते हे सांगत नाही. जे मूल केवळ हाच शब्द ऐकत वाढते, त्याला आपल्या घराची सुरुवात संपादनापासूनच झाली असे वाटू लागते.

तेव्हा सहकाऱ्याला इतकेच सांगा की आम्ही खारभूमीतले शेतकरी आहोत, आमचे शेत शहरात गेले, आणि शेत कसे राखायचे याचे ज्ञान घरात अजून आहे. हे शेवटचे विधान मात्र आपल्याला खरे करावे लागेल. आजोबा हयात असतील तर त्यांच्याजवळ बसा. आपल्या शेताचे नाव काय होते, त्यात कोणते भात येत असे, उघाडी कोणत्या बाजूला होती, हे त्यांना विचारा. ते ठाऊक नसेल तर ‘होतो’ म्हणणेच प्रामाणिकपणाचे होईल.

प्रश्न : माझे माहेर उरण तालुक्यातले आणि सासर तुर्भ्याचे. माहेरच्या संपादित जमिनीच्या बदल्यात तिच्या साडेबारा टक्क्यांइतका विकसित भूखंड मिळण्याचे काम आता मार्गी लागले आहे, आणि भावांनी मला हक्कसोडपत्रावर सही करण्यास सांगितले आहे. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही भीती आहे. माझी आई जन्मभर शेतात राबली, पण तिचे नाव एकाही कागदावर नाही. आम्ही बायका शेतकरी होतो की नव्हतो?

ताई, आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भातशेतीची कामे क्रमाने मोजून पाहा. राब भाजणे, पेरणी, रोपांच्या मुठी उपटणे, आवणी, बेणणी, कापणी, झोडणी, पाखडणी, आणि घरी आल्यावर कांडणे. नांगरणी, चिखलणी आणि बांधाचे जड काम पुरुषांचे होते. बाकीच्या कामांत बायकांचे हात अधिक होते, आणि आवणी तर सर्वस्वी त्यांचीच होती. कंबरेत वाकून, पाठीवर इरले घेऊन, दिवसभर चिखलात मागे मागे सरकत रोप लावणाऱ्या बाईला शेतकरी म्हणायचे नसेल, तर तो शब्द कोणालाच लावता येणार नाही. शिवाय खाडीतली मासळी आणि परसातली भाजी पाटीत घालून बाजारात नेणारीही तीच होती, आणि घरात रोख पैसा येई तो बहुधा तिच्याच हातून. जमीन गेल्यावर पुरुषाला निदान ‘खातेदार’ म्हणून नोटीस आली. बाईचे काम गेले आणि तिला कोणी काही विचारलेसुद्धा नाही.

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा असे आवाहन केले, तेव्हा राज्याच्या इतर भागांतील अनेक घरांनी ते मानले. आपल्या पट्टीत तोवर जमिनीच संपादनात गेलेल्या होत्या, म्हणून नाव कशावर चढवायचे हा प्रश्न होता. आता भूखंडाच्या रूपाने ती वेळ पुन्हा आली आहे.

कायद्याविषयी मला खात्रीने ठाऊक आहे तेवढे सांगतो. एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली. त्या दुरुस्तीने त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्राच्या दुरुस्तीने ही अट राहिली नाही, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र या दुरुस्तीने मोडत नाहीत. आपले प्रकरण यांत कोठे बसते हे निवाड्याची प्रत, फेरफार आणि वारसनोंदी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यासाठी पैसे नसतील तरी अडू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते, आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते.

सही करावी की नाही, हे आपणच ठरवावे. मात्र ज्या दिवशी कागद समोर येईल त्याच दिवशी सही करू नका. तो घरी आणा, वाचा, दुसऱ्याकडून वाचून घ्या, आणि मधला मार्ग आहे का हे भावांशी बोला. भूखंडाचा विकास करणाऱ्याशी होणाऱ्या करारात आपल्या नावे लहानशी का होईना जागा ठेवता येते, आणि तसे मोठ्या मनाने करणारे भाऊ मी पाहिले आहेत. माझ्या स्वतःच्या दोन बहिणींनी साडी-चोळी घेऊन सह्या केल्या तेव्हा मी धाकटा म्हणून गप्प राहिलो. त्या दोघींनी मला कधी बोल लावला नाही, पण दिवाळीला घरी आल्या की परक्या घरात बसावे तशा कडेला बसतात, आणि ते मला सहन होत नाही. माहेर सहीमुळे टिकते असे नाही, हे मी माझ्या घरात पाहिले आहे.

प्रश्न : आम्ही २० वर्षांपूर्वी नेरुळमध्ये घर घेतले. आमच्या सेक्टरला लागून जुने गाव आहे. तेथे दाटीने इमारती उभ्या आहेत, त्यांतील अनेक विनापरवाना असल्याचे ऐकतो. जत्रेच्या काळात रस्ता बंद असतो. ज्यांच्या दारात मोठ्या गाड्या आहेत ते लोक स्वतःला शेतकरी म्हणवून सवलती मागतात, हे आम्हांला कळत नाही. कृपया रागावू नये, समजून घेण्यासाठी विचारत आहे.

रागावण्याचे कारण नाही. समजून घेण्यासाठी विचारणारे शेजारी असणे ही चांगलीच गोष्ट आहे.

प्रथम दाटीविषयी. नव्या शहरासाठी जमीन घेतली गेली ती गावांभोवतीची. गावठाण तेवढे सोडले गेले. गावठाणाची हद्द जुन्या वस्तीपुरती होती आणि ती वाढत्या कुटुंबांच्या मानाने वाढवली गेली नाही. पूर्वी मुलगा वेगळा राहू लागला की घराच्या मागच्या शेतात दोन खोल्या निघत. ते शेत आता सरकारच्या नावावर गेले होते. दोन भावांचे चार, चारांचे दहा झाले, तेव्हा त्यांनी घरे बांधली ती त्याच आवारात आणि लगतच्या जागेत. यांनाच गरजेपोटी बांधलेली घरे म्हणतात, आणि ती नियमित करण्यासाठी राज्य शासनाने वेळोवेळी निर्णयही काढले आहेत. यांच्या आडून काही जणांनी केवळ नफ्यासाठी निकृष्ट इमारती उभ्या केल्या, हेही खरे आहे. त्यांचा मी बचाव करणार नाही; त्यांत राहणाऱ्या भाडेकरूंच्या जिवाला धोका आहे आणि गावाच्या नावालाही बट्टा लागतो. पण दोन्हींना एकच शब्द लावणे अन्यायाचे होईल.

दुसरे, सवलतीविषयी. साडेबारा टक्के ही कोणी कृपा म्हणून दिलेली वस्तू नाही. जमिनीच्या मोबदल्यासाठी आणि विकसित जमिनीतील वाट्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. पुढे १९९० आणि १९९४ च्या शासन निर्णयांनी साडेबारा टक्के योजना आकाराला आली. त्यातूनही पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात आणि शेतकऱ्याच्या हाती पावणेनऊ टक्के येतात. शंभर गुंठे दिलेल्या माणसाला पावणेनऊ गुंठे, आणि तेही अनेकांना एक पिढी उलटल्यावर. वाट पाहून थकलेल्या कित्येकांनी भूखंड हाती येण्यापूर्वीच आपला वाटा मिळेल त्या किमतीला विकला. आपण पाहता त्या मोठ्या गाड्या खऱ्या आहेत. पण त्याच आळीत खोल्यांच्या भाड्यावर किंवा रिक्षा-टेम्पोवर घर चालवणारी माणसे आहेत, आणि ती रस्त्यावरून ओळखू येत नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्याला दाखवावीशी वाटते. आपल्या परिसरातला धारण तलाव, ज्याला सगळे होल्डिंग पाँड म्हणतात, तो एकदा पावसाळ्यात जाऊन पाहा. भरती आली की त्याची खाडीकडची दारे मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागली की ते खाडीत सुटते. खोलगट जमिनीवर वसलेले हे शहर भरतीच्या वेळी बुडू नये म्हणून केलेली ती योजना आहे. वर ज्या उघाडीविषयी लिहिले तिचेही काम नेमके हेच होते. ज्यांच्याविषयी आपण विचारता, त्या माणसांचे आजोबा हे काम हातांनी करत होते. तलावाच्या काठावर त्यांची आठवण सांगणारी पाटी कोठे दिसत नाही, म्हणून आपल्याला हे ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. पुढच्या जत्रेला रस्ता बंद झाला की गाडी घरी ठेवा आणि चालत गावात जा. देवीच्या दारात कोणी आपल्याला परके म्हणणार नाही.

प्रश्न : मी पनवेल तालुक्यात ‘नैना’ क्षेत्रातला, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नियोजित क्षेत्रातला शेतकरी आहे. अडीच एकर भातशेती अजून कसतो. दोन्ही बाजूंना इमारती आल्या, पाण्याचा निचरा बंद झाला. मुले नोकरीला आहेत, त्यांना शेती नको. दलालांचे रोज फोन येतात. विकून मोकळा झालो तर मी कोण राहीन, हा विचार झोपू देत नाही.

दादा, विकावी की राखावी याचा सल्ला मी देणार नाही, कारण कर्ज, आजारपण, मुलांची शिक्षणे हे मला ठाऊक नाही आणि भावना आपली, खर्च दुसऱ्याचा, असे होता कामा नये. पण निर्णयापूर्वी दोन गोष्टी पाहून घ्या.

पहिली अशी की १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आपली सारीच जमीन विकली, तर उद्या कर्जत किंवा मुरबाडला दोन एकर घ्यावी असे मनात आले तरी ‘आपण शेतकरी आहात याचा पुरावा आणा’ असे सांगितले जाईल. आपल्या पट्टीतल्या कित्येकांनी हा अनुभव घेतला आहे. म्हणून विकायचीच वेळ आली तर सगळी एकदम विकू नये, किंवा विकण्यापूर्वी दुसरीकडे थोडी घेऊन ठेवावी. नगररचना योजनेत जमीन गेली तर साधारण ४० टक्के अंतिम भूखंड परत मिळतो, पण तो बांधकामाचा भूखंड असतो, शेत नव्हे. हा फरक मुलांनाही समजावून सांगा.

दुसरी गोष्ट बाराची. आपल्या भागातल्या अनेक सातबाऱ्यांवर सात शिल्लक आहे आणि बारा कोरे पडले आहे. माणूस मालक आहे, पण पड जमिनीचा. आपण अजून कसता, तर दरवर्षी ई-पीक पाहणीत मोबाइलवरून पिकाची नोंद न चुकता करा. मुलांना शेती नको असली तरी नोंदीसाठी पिकाचा फोटो काढायला एकाला बांधावर न्या. निचऱ्याविषयी लेखी अर्ज करून पोच घ्या, कारण भराव करणाऱ्याने नैसर्गिक नाला बुजवला असेल तर ती तक्रार आपल्या एकट्याची राहत नाही. वरच्या चार शेतकऱ्यांच्या सह्या त्यावर घ्या. बांधावर एकत्र येण्याची जुनी रीत आता अर्जावर चालवायची, एवढाच बदल आहे.

आपण कोण राहाल, असे विचारता. जोवर आपण बियाणे राखता तोवर हा प्रश्न मला पडत नाही. आपल्याकडे काळा राता किंवा भुरा राता यांसारखे खारे पाणी सोसणारे जुने भात असेल, तर ते पायलीभर तरी दरवर्षी वेगळे ठेवा. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ अशा जाती तयार केल्या, तरी जुन्या वाणांची चव, पेंढा आणि खाऱ्यात तग धरण्याची रीत ज्याच्या घरात ठाऊक आहे, तो माणूस मोलाचा आहे. इमारतींच्या मधल्या एका तुकड्यात का होईना, ते भात उभे राहू द्या.

प्रश्न : मी ठाण्यातील शाळेत मराठी शिकवते. आठवीच्या मुलांना गावठाणातील आजी-आजोबांच्या मुलाखती घेण्याचा उपक्रम द्यायचा आहे. काय विचारावे?

बाई, आपला उपक्रम फार मनापासून आवडला. वस्तूंपासून सुरुवात करावी, कारण वस्तू हातात घेतली की माणूस बोलू लागतो. घरात कणगी असेल तर ती कुठे आहे ते पाहावे. आमच्या घरातल्या कणगीत आता जुन्या गोधड्या आहेत, पण तळाशी हात घातला तर भाताची तुसे अजून बोटांना लागतात. दसऱ्याला दारावर नव्या भाताच्या लोंब्या कोण बांधते आणि त्या आता कोठून आणतात, हेही विचारावे. आमच्याकडे त्या बाजारातून येतात, आणि माझी पत्नी विकणारीला दरवर्षी न चुकता विचारते की हे कोणत्या गावचे भात.

मुलांनी शब्द जसेच्या तसे, गावच्या उच्चाराने लिहून घ्यावेत. ते प्रमाण मराठीत ‘दुरुस्त’ करू नयेत. ‘तुमची जमीन किती होती?’ या प्रश्नाने आरंभ करू नये. त्याचे उत्तर एकरांत आणि रुपयांत येते आणि बोलणे लगेच मोबदल्याकडे वळते. ‘तुमच्या बांधाला शेवटची खांड कधी गेली होती, आणि त्या रात्री कोण कोण आले होते?’ असे विचारावे. मुलांना वह्या जरा जाड द्याव्यात, आणि आजीला मध्येच थांबवू नये असे आधी सांगून ठेवावे.